मला देव केलं, त्याचा सूड

मी दगड बोलतोय. वळ गावात, केसरीनाथच्या घरामागे, विहिरीच्या कडेला पडलेला काळा, चपटा, धुण्याचा दगड. आधीच सांगून ठेवतो, मी काही मोठ्या मनाचा वगैरे नाही. लोक म्हणतात दगडाला भावना नसतात. नसतील. पण दगडाला विसरता येत नाही, आणि ज्याला विसरता येत नाही त्याला माफ करणं फार जड जातं.

मला एकदा देव करण्यात आलं होतं. कोणी मला विचारलं नव्हतं. त्याचा सूड मी घेतला. तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

माझा जन्म खदानीतला. सुरुंग उडाला, डोंगराचा तुकडा खाली आला, त्यातला एक मी. केसरीनाथच्या वडिलांनी नव्या घराच्या जोत्यासाठी दगड आणले, त्यात मी बैलगाडीतून वळला आलो. उतरवताना गड्याच्या हातून निसटलो आणि माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला. गवंडी म्हणाला, "हा जोत्याला न्हाय चालनार." बाकीचे भाऊ घराखाली गेले, घराचा भार घेऊन बसले. मला विहिरीपाशी टाकलं. तेव्हा वाईट वाटलं. पुढे कळलं, नशीब माझंच चांगलं होतं.

कारण दोनच महिन्यांनी त्या घरात थोरल्या मुलाची, मोरूची, बायको आली. सीताबाई. टेमघरची पोर, सतरा वर्षांची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हळदीचे कपडे घेऊन ती माझ्याकडे आली. मी माझा सगळ्यात गुळगुळीत भाग तिच्याकडे करून पडलो होतो, असं मला आपलं वाटतं. तिने पदर खोचला, धोपाटणं उचललं आणि असे कपडे धुतले की विहिरीवरच्या बाया बघत राहिल्या.

केसरीनाथ तेव्हा तिसरीत होता. तिचा धाकटा दीर. रोज खाडीच्या चिखलात लोळून यायचा आणि मार बसू नये म्हणून चड्डी माझ्या मागे लपवायचा. सीताबाई ती शोधून काढायची, सासूला कळायच्या आत धुऊन दोरीवर टाकायची. एकदा तिने निळीची पुडी माझ्यावर सांडली. तो निळा डाग माझ्या खळग्यात कायमचा बसला. तुम्ही आजही आलात तर दिसेल.

अशी चाळीस वर्षं गेली. गावच्या शेतांत गोदामं उभी राहिली. समोरच्या रस्त्याने दिवसरात्र कंटेनर जाऊ लागले. घरोघर धुण्याची मशिनं आली, केसरीनाथच्या घरातही आली. पण सीताबाई म्हणायची, "मशीनमधी कपडा धुतला का माझा हात बसून र्‍हातो, आनि हात बसला का डोकं चालाया लागतं." ती माझ्याकडेच यायची.

मग मोरू गेला. छातीत कळ आली आणि तासाभरात संपला. त्याचा एक सदरा त्या सकाळी बादलीत भिजत घातलेला होता. माणूस नेला, रडारड झाली, पाहुणे आले, बादलीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सीताबाई मागच्या दारी आली तेव्हा तिला ती दिसली. तिने तो सदरा धुतला, पिळला, दोरीवर टाकला. आणि माझ्यावर बसली.

दोरीखाली एक जुनं घमेलं पालथं पडलं होतं. सदऱ्याच्या बाहीतून थेंब त्याच्यावर पडू लागले. टक. टक. टक. आधी भराभर, मग सावकाश. ती ऐकत होती. एक थेंब पडला. मग काही नाही. तिला वाटलं, संपलं. ती तशीच बसून राहिली. मग आणखी एक पडला.

आता बघा, शेवटचा थेंब पडतो तेव्हा तो शेवटचा आहे हे कळत नाही. पुढचा येत नाही म्हणून कळतं. त्यासाठी थांबावं लागतं. त्या थांबण्यात त्या दिवशी सीताबाईला काय मिळालं ते मी सांगू शकत नाही. पण तिचं वजन माझ्या अंगावर होतं ना, ते हलकं झालं. एखादी ओली गोधडी वाळत जाते तसं. मी चाळीस वर्षं तिचा भार ओळखत होतो. ती इतकी हलकी कधीच नव्हती.

त्या दिवसापासून ती रोज धुणं झालं की शेवटच्या कपड्याचा शेवटचा थेंब पडेपर्यंत माझ्यावर बसायची. जप नाही, माळ नाही, डोळे मिटणं नाही.

हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं असेल तर मंदाच्या. मंदा शेजारच्या आळीत राहते, गोदामात पॅकिंगला जाते. तिची दुपारची ड्युटी असायची, म्हणून सकाळी पाणी भरायला ती विहिरीवर यायची. एकदा तिने विचारलं, "सीतामावशी, रोज बसून काय बघता?"

"बगत न्हाय गो. आयकते."

"काय?"

"बस. आपआप कलंल."

मंदा बाजूच्या पायरीवर बसली. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "आमच्या विहारात रविवारी श्वास बघायला सांगतात. मला कधी जमलं नाय. डोक्यात सगळी खोकीच दिसतात. आज एकही खोकं दिसलं नाय बघा."

मग गोदूबाई यायला लागली. ऐंशीची म्हातारी, तोंडाने फटकळ, पण बसली की गप्प. मग तिच्या दोन सुना. मग वरच्या आळीतल्या आणखी काही. दहा-बारा बायका सकाळी विहिरीवर जमायच्या, धुणं धुवायच्या आणि मग सगळ्या मिळून गप्प बसायच्या. एकीने विचारलं, "सीताकाकू, मंत्र कंचा म्हनायचा?"

"मंत्र कसला गो? पिललेल्या कपड्याला कसला आलाय मंत्र? नीट पील, का थेंब लवकर संपतील. ढिला पिललास त दुपार होईल."

सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. मी खाली पडून विचार करायचो, जोत्यात गेलो असतो तर हे सगळं कुठे मिळालं असतं?

इथपर्यंत सगळं छान होतं. मग केसरीनाथने खिडकीतून बघितलं.

केसरीनाथ वाईट माणूस होता असं नाही. पण त्याला एक दुखणं होतं. लोकांनी आपलं ऐकावं असं त्याला फार वाटायचं आणि लोक काही ऐकायचे नाहीत. दोनदा पंचायतीला उभा राहिला, दोनदा पडला. आणि इथे, त्याच्याच मागच्या दारी, त्याची वहिनी तोंडातून शब्द न काढता दहा-बारा जणींना रोज बसवत होती. ना बॅनर, ना माईक. त्याला झोप लागेना.

एका मंगळवारी त्याने जाहीर केलं की देवी स्वप्नात आली. म्हणाली, मी तुझ्या घरामागे उपाशी आहे, मला उभी कर.

मी तुम्हाला शपथेवर सांगतो, मी आयुष्यात कोणाच्या स्वप्नात गेलेलो नाही.

दोन दिवसांत गोदामातला हायड्रा आला. जड पेट्या उचलायची ती क्रेन, तिने मला उचललं. जन्मभर आडवा पडलेला मी, मला उभं केलं आणि सिमेंटमध्ये पाय रोवून चौथऱ्यावर बसवलं. वर टाईल्सचं देऊळ, पुढे स्टीलचं ग्रिल. दोरी कापून टाकली. घमेलं भंगारात गेलं. माझं नाव ठेवलं पाणआई. मी दगड, बाप्या माणसासारखा बोलणारा, आणि मला चुनरी नेसवली.

पहिला शेंदूर लावायच्या दिवशी सीताबाई पुढे आली. तिने काही तक्रार केली नव्हती. ती फक्त माझ्या त्या निळ्या डागावर हात ठेवायला आली होती, निरोप घ्यावा तसा. केसरीनाथने तिचं मनगट धरलं. सगळ्या गावासमोर.

"वयनी, तू हात नको लावू. इधवेचा हात पयल्या शेंदराला चालत न्हाय."

चाळीस वर्षं जिने त्याच्या चड्ड्या माझ्यावर धुतल्या, तिचा हात. सीताबाईचा चेहरा मी बघितला. त्या क्षणी माझ्या आत काहीतरी चिरलं, आणि ते आजपर्यंत जुळलेलं नाही.

आता शेंदराची गोष्ट नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. शेंदूर तिळाच्या तेलात खलतात आणि त्यात थोडं मेण घालतात. मग तो दगडाला धरतो, थरावर थर बसतो, पिढ्यान्‌पिढ्या राहतो. गोदूबाईने तसं बजावलंही होतं. पण काम होतं केसरीनाथच्या मुलाकडे, दीपेशकडे. दीपेशचा टेमघरला कापड विणायच्या लूमचा कारखाना. तो घाईत आला आणि तिळाचं तेल घरीच विसरला. त्याच्या गाडीत लूमला घालायच्या तेलाचा डबा होता.

"तेल ते तेल, पप्पा. टाईम निघून चाललाय," असं म्हणत त्याने शेंदूर त्यातच कालवला. लावायला बोळा हवा होता, तोही गाडीतलाच घेतला, लूमवरून निघालेल्या सुताच्या गुंत्याचा.

सीताबाई ग्रिलपाशी उभी होती. तिच्या नाकाला तो वास लागला. लग्नाआधी टेमघरला ती लूमवर सुताच्या कांड्या भरायला जायची. त्या तेलाचा डाग लुगड्यावर पडला की कधी सुकायचा नाही हे तिला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. महिना झाला तरी बोट लावलं की ओलं. ती बोलली, "दीपेश, आरे ह्या तेलात..."

"वयनी!" केसरीनाथ ओरडला. "शुभ कामात मधी बोलू नको."

तिने तोंड मिटलं.

आणि मला कळलं, हे तोंड आता उघडणार नाही. मीही ठरवलं. मी काळा पाषाण आहे, माझ्या अंगाला छिद्रं नाहीत. दुसरा एखादा भुसभुशीत दगड असता तर ते तेल पिऊन बसला असता. मी एक थेंब प्यालो नाही. सगळं तेल माझ्या कातडीवर धरून ठेवलं.

दर पौर्णिमेला दीपेश यायचा आणि त्याच डब्यातल्या तेलात शेंदूर कालवून एक थर चढवायचा. बोळ्यातलं सूत त्यात चिकटायचं. रस्त्यावरून कंटेनरांची धूळ यायची, तीही वरून बसायची. बाहेरून बघाल तर भक्कम, लालबुंद, चांगला चार बोटं जाड थर. वर चांदीचे डोळे. आत मात्र ती लाल गोधडी माझ्या अंगावर नुसती टांगलेली होती. कशालाच धरून नव्हती.

केसरीनाथचं मात्र जोरात चाललं होतं. देवळापुढे तो रोज सकाळी माईकवर शांततेवर प्रवचन द्यायचा. "मनाला शांत ठेवा! हॅलो! मागच्यांना आवाज येतोय का? शांत ठेवा!" बॅनरवर त्याचा फोटो, खाली लिहिलेलं 'शांतिसाधक'. लोकही येऊ लागले. देव म्हटल्यावर लोक येतातच. फक्त त्या दहा-बारा जणी एकेक करून कमी झाल्या.

मंदाही थांबली. जाताना ग्रिलपाशी सीताबाईला म्हणाली, "मावशी, मी काय देवाला हात जोडणारी नाय. मी तुमच्याजवळ बसायला यायचे. आता इथे बसायला जागाच नाय राहिली."

सीताबाई मात्र रोज यायची. ग्रिलबाहेर फरशीवर बसायची आणि माझ्याकडे बघायची. नवीन आलेल्या बाया म्हणायच्या, केवढी भक्ती म्हातारीची! खरं काय ते मला ठाऊक होतं. आधीही ती गप्पच बसायची, आत्ताही गप्पच. पण आधीच्या गप्प बसण्यात ती हलकी व्हायची. आता रोज जड होत होती. फरशीवरून उठताना तिला गुडघ्याला हात लावावा लागायचा.

एकदा मंदा पाण्याला आली आणि तिच्यापाशी उकिडवी बसली.

"मावशी, एक बोलू? तुम्ही आता काय ऐकत नाय. तुम्ही कशाची तरी वाट बघताय."

"बगतेय."

"कशाची?"

"पिकायची."

मंदाने माझ्याकडे बघितलं, मग दीपेशने कोपऱ्यात ठेवलेल्या लूमच्या तेलाच्या डब्याकडे. गोदामात काम करणारी बाई, डब्यावरचं वाचता येत होतं तिला. "अगं बाई," ती म्हणाली. "मग सांगून टाका ना त्यांना."

"त्यानी सांगितलंय, मधी बोलू नको."

"वर्ष होत आलं, मावशी!"

"मी आयकनारी बाय हाय. सांगितलं तेवडं आयकते."

मंदा हसली नाही. "तुम्हाला त्रास होतोय," एवढंच म्हणाली आणि कळशी उचलून गेली. त्या क्षणी मला मंदाचा राग आला होता. मला वाटलं, ही आता आमचा सूड बिघडवणार. पण तिने कोणाला काही सांगितलं नाही. तिने ते सीताबाईवर सोडलं.

वर्ष भरलं. वैशाखातला दिवस, ऊन असं की विहिरीच्या कठड्याला हात लावावा तर चटका बसावा. वर्धापनदिन म्हणून मांडव, जेवणावळ, पाहुणे. भटजींनी होम बाहेर मांडायला सांगितला होता, पण केसरीनाथला फोटोत होम आणि देवी एकत्र हवी होती. म्हणून होमकुंड ग्रिलच्या आत, माझ्यापासून दोन हातांवर. तूप पडलं, ज्वाळा उठल्या. माझं अंग तापू लागलं. वर्षभर जपलेलं तेल पातळ होऊ लागलं.

केसरीनाथने पांढरा रेशमी सदरा घातला होता. त्याने माईक हातात घेतला. "आता दोन मिनिटं सगल्यांनी मौन पालायचं हाय. मोबाईल बंद करा. हॅलो. मौन सुरू!"

आणि खरंच, वर्षात पहिल्यांदा, तो गप्प झाला. सगळा मांडव गप्प झाला.

टक.

माझ्या पायाशी नैवेद्याचं स्टीलचं ताट होतं. त्यात एक लाल थेंब पडला. मग दुसरा. टक. टक. सीताबाई मांडवाच्या टोकाला विधवांच्या रांगेत बसली होती. तिने मान वर केली. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी ते ऐकलं नसेल. किंवा मंदाने ऐकलं असेल, ती रस्त्याच्या कडेला उभी होती.

थेंब भराभर पडू लागले. मी म्हटलं, ये केसरीनाथ, ये. दोन मिनिटं संपली, तो पुढे आला, माझ्या पायाशी वाकला, डोकं टेकलं.

आणि मी ते सगळं सोडून दिलं.

अख्खं कवच, डोळ्यांसकट, चुनरीसकट, एकाच झटक्यात खाली सरकलं आणि थप्पकन त्याच्या पाठीवर, मानेवर, डोक्यावर पडलं. तो उठला तेव्हा त्याचा पांढरा सदरा लाल चिखलाने भरला होता. कानात सूत लटकत होतं. आणि त्याच्या मागे मी उभा होतो, उघडा, काळा, तेलाने चकाकणारा. कोपऱ्याचा टवका, मधला खळगा, खळग्यातला निळा डाग, सगळं दिसत होतं.

लोक माना उंचावून बघू लागले. मग केसरीनाथने माईक पकडला. हुशार माणूस, लगेच सुचलं. "चमत्कार! देवीनं कात टाकली! बोला पाणआई माते की..."

"गप र मेल्या!" गोदूबाई उभी राहिली होती. "कात टाकल्यावर आत देवीचा मुकडा दिसतो. इथं त निलीचा डाग दिसतोय! आगो बायांनो, ही त सीतेची धुन्याची शिला! हिच्यावर मी माज्या नातवाची दुपटी आपटलीत, आनि गेलं वरीसभर हिलाच नारल फोडतेय!"

आधी तिच्या सुना हसल्या. मग बायकांची रांग. मग पुरुष. मग भटजी. मांडवभर हसणं पसरलं आणि थांबेना. केसरीनाथच्या हातातला माईक चालूच होता, ते हसणं त्यातून रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

दीपेश धावत आला. "पप्पा, तेल... तेलच सुकलं नव्हतं..."

सीताबाई रांगेतून उठली. ग्रिलपाशी आली.

"लूमचं तेल सुकत न्हाय, केसरी," ती म्हणाली. "सोला वरसांची होती तवापासून मला ठावं हाय."

त्याने तोंडावरचा शेंदूर पुसला. "मग... वयनी, बोलली का न्हायस?"

"तूच सांगितलेलंस. शुभ कामात मधी बोलू नको."

हे ऐकायला मी वर्षभर उभा होतो. त्याच्या चेहऱ्याचं जे झालं ते बघून माझ्या अंगातली चीर न्‌ चीर गार झाली. खोटं कशाला बोलू? मला फार फार बरं वाटलं.

लोक जेवले, हसत हसत घरी गेले. दुसऱ्याच दिवशी दीपेशने, बापाला न विचारता, हायड्रा आणून मला पुन्हा विहिरीकाठी आडवा केला. दोरी बांधली. सीताबाईने घरातून एक जुनं घमेलं आणून पालथं घातलं. कपडे धुतले, पिळले, वाळत घातले. आणि वर्षानंतर माझ्यावर बसली.

टक. टक.

मी वाट बघत होतो तिचं वजन हलकं होण्याची. झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस गेले. मंदा आली, गोदूबाई आली, त्या बसल्या, हलक्या होऊन उठल्या. सीताबाई तशीच.

"मला आयकू येत न्हाय गो मंदा," ती एकदा म्हणाली.

"कानाला काय झालं, मावशी?"

"कानाला न्हाय. थेंब पडतो त्या जागी मला त्याचं तोंड दिसतं. आनि लोकांचं हसनं आयकू येतं. जिंकली मी. पन हितं बसाया जागा न्हाय र्‍हायली."

केसरीनाथचं घराबाहेर पडणं जवळजवळ बंद झालं होतं. नाक्यावर चहाला गेला की कोणीतरी 'हॅलो, मौन सुरू' म्हणायचं. तो परत यायचा आणि खोलीत बसायचा.

नवव्या दिवशी सकाळी सीताबाई त्याच्या दाराशी गेली. मागचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"तो सदरा आन."

"कंचा?"

"लाल झालेला."

"टाकून दे तो. जालून टाक."

"आन म्हनते ना! बारकेपनी चिखलाची चड्डी लपवायचास, तसा आता सदरा लपवतोस का?"

कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली, हातात तो सदरा. तिने तो माझ्यावर पसरला, साबण चोळला, धोपाटणं उचललं.

काय सांगू तुम्हाला ते धुणं! मी तिचे लाखभर घाव झेलले असतील, पण असे कधीच नाही. प्रत्येक घाव कशाचा ते मला कळत होतं. हा मनगट धरल्याचा. हा सगळ्या गावासमोर 'इधवा' म्हटल्याचा. हा दोरी कापल्याचा. हा वर्षभर ग्रिलबाहेर बसवल्याचा. आणि मग काही घाव असे आले जे त्याचे नव्हते. तिच्या स्वतःच्या मिटलेल्या तोंडाचे होते. तेसुद्धा तिने तेवढ्याच जोराने मारले. घामाने ती भिजली. पाणी लाल झालं, मग केशरी, मग फिकं.

केसरीनाथ बनियनवर मागच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"निघाला?" त्याने विचारलं.

"न्हाय. थोडा र्‍हानार."

तिने सदरा पिळला. वय झालंय तिचं, पण असा पिळला की शिवण कुरकुरली. दोरीवर टाकला. छातीवर केशरी डाग तसाच होता.

"मग आता?"

"मग आता काय? बस. गलतंय आजून."

तो इकडेतिकडे बघू लागला. मग बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गुडघे वर करून. सीताबाई माझ्यावर बसली.

टक. टक. टक. मग सावकाश. टक. मग काही नाही.

"वयनी," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी तुजा हात..."

"श्श. आता बोलू नको. आता खरंच बोलू नको."

तो गप्प झाला. दोघं थांबली. समोरच्या रस्त्याने दोन कंटेनर गेले. मग, संपलं असं वाटत असताना, घमेल्यावर एक थेंब पडला.

टक.

आणि माझ्या अंगावरचं तिचं वजन हलकं झालं.

तिचं झालं. माझं नाही.

ती त्याला माफ करून मोकळी झाली की आणखी काही झालं, मला माहीत नाही. मी दगड आहे, मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की त्याने मला विचारल्याशिवाय उभं केलं, चुनरी नेसवली आणि माझ्यावर बसणारीला बाहेर बसवलं. एका दुपारच्या हसण्यात ते फिटत नाही.

आता केसरीनाथ दर शनिवारी येतो. स्वतःचा एकच सदरा, तोच डागाचा, स्वतः धुतो. अजून नीट पिळता येत नाही त्याला, त्यामुळे सगळ्यांना दुपारपर्यंत बसावं लागतं. गोदूबाई त्याला शिव्या घालते, मंदाची ड्युटी चुकायला येते. पण बसतात.

तुमच्याही घरामागे माझ्यासारखा एखादा दगड असेल, तर माझी एक विनंती आहे. त्याला शेंदूर फासू नका, त्याला नाव ठेवू नका, त्याच्यापुढे माईक तर मुळीच लावू नका. कपडे धुवा, घट्ट पिळा आणि थोडं बसा. त्याहून जास्त आम्हाला काही देता येत नाही, आणि त्याहून कमी आम्ही देत नाही.

माझं म्हणाल तर, मी आठवडाभर खपून माझ्या उजव्या कडेला हिरवंगार शेवाळ धरतो. बरोबर तिथे, जिथे केसरीनाथ शनिवारी पाय ठेवतो. एकदाच घसरावा, एकदाच आपटावा, एवढंच माझं मागणं आहे. पण दर शुक्रवारी संध्याकाळी सीताबाई नारळाची शेंडी घेऊन येते, ते सगळं शेवाळ घासून काढते आणि त्या जागेवर दोनदा हात फिरवून बघते.

मी पुन्हा धरायला लागतो. बघू, कोण आधी थकतं.